हात लागला होता

पार्सिपनी, न्यू जर्सी
३० ऑगस्ट

अहो,

कागदावर लिहून त्याचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. हसू नका. फोनवर नीलरावांचं नाव काढलं की तुमच्या दारात लगेच कोणीतरी आलेलं असतं, आणि व्हॉइस मेसेज पाठवला तर तो न ऐकताच पुसता. पण लिहिलेलं काही तुमच्यानं वाचल्याशिवाय सोडवत नाही. भज्यांच्या कागदावरची शिळी बातमीसुद्धा तेल पुसून वाचणारा माणूस तुम्ही. तेव्हा वाचा.

गणपती छान बसलेत. खालच्या मजल्यावर मंजुषा म्हणून नागपूरची एक मुलगी राहते, तिनं मोदकांना हात लावला आणि अर्धे फुटले, पण खाल्ले सगळ्यांनी. रुचा बरी आहे. सातवा लागलाय. पाय थोडे सुजतात, ते सगळ्यांचेच सुजतात. ऑफिसचं काम घरूनच करते. नीलराव तिला खुर्चीवरून उठू देत नाहीत आणि ती त्यांचं ऐकत नाही, म्हणजे आपल्याच घरातलं चाललंय.

आता मुद्द्याचं. बाळ यायच्या आत तुम्ही जावयाशी बोलायचं. माफी नको, भाषण नको. ‘कसे आहात’ एवढं विचारलंत तरी मला पुरे. तीन वर्षं होत आली. रुचानं फोन त्यांच्या हातात दिला की तुम्ही ‘रेंज नाही’ म्हणून ठेवून देता. भर कोल्हापुरात, घराच्या गच्चीवर टॉवर असताना रेंज नाही! मला इकडे एकटीला पाठवलंत तेही गुडघ्याचं निमित्त करून. त्याच गुडघ्यानं तुम्ही रोज तालमीच्या कट्ट्यावर जाता ते काय मला माहीत नाही?

कट्ट्यावर तुम्ही ती गोष्ट सांगता तेव्हा अर्धीच सांगता, म्हणून मी एकदा पूर्ण लिहिते. रुचाचं लग्न दोन दिवसांवर. सरनोबत गल्ली तालमीच्या फुटबॉल संघाचा चषकासाठीचा अंतिम सामना, समोर हौदावरची तालीम, म्हणजे तुमचे जन्माचे वैरी. तुमचा मधल्या फळीतला पोरगा तापानं फणफणलेला. आणि घरात स्वीडनच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला मिडफिल्डर पाटावर बसून पुरणपोळी खातोय. तुम्हाला राहवतंय होय! त्यांचं नाव निल्स, त्याचं ‘नीलराव’ तुम्हीच केलंत. कमिटीला पटवलंत, जर्सी छापून आणलीत, पाठीवर ‘जावई’. बिचाऱ्यांना खेळणं सोडून वर्ष झालेलं, टाच दुखत होती, तरी तुमच्या शब्दाखातर उतरले.

शेवटची मिनिटं, एक-एक अशी बरोबरी. कॉर्नरवर गर्दी झाली, चेंडू नीलरावांच्या हाताला लागून तुमच्या सिद्धेशच्या पायाशी पडला आणि त्यानं जाळ्यात मारला. रेफ्रीला काही दिसलं नाही, त्यानं गोल दिला. हलगी सुरू झाली, गुलाल उडाला. आणि हा माणूस शांतपणे रेफ्रीकडे चालत गेला, स्वतःचा हात पुढे केला आणि म्हणाला, लागला. गोल रद्द. पुढे जादा वेळेत हौदावाल्यांनी दोन घातले.

त्या दिवसापासून तुम्ही त्यांना वाळीत टाकलंत. कन्यादान केलंत तेही मांडवाच्या खांबाकडे बघत. स्वीडनचे आहेत म्हणून नव्हे, गोरे आहेत म्हणून नव्हे, चषक घालवला म्हणून! असा सासरा मी दुसरा बघितला नाही.

रागावलेली,
शुभा

१५ सप्टेंबर

अहो,

निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे वाचलंत. उत्तर येईल असं मी धरलंच नव्हतं.

काल मंजुषाबरोबर मॅचला गेले. नीलरावांचं कॉलेज इथून अर्ध्या तासावर आहे, छोटंसं, आणि ते तिथल्या मुलींच्या संघाचे कोच. इथे प्रेक्षक घरून घडीच्या खुर्च्या आणतात. कुत्री आणतात. गोल झाला की टाळ्या वाजवतात आणि पुन्हा कॉफी पितात. गुलाल सोडाच, कोणी शिवीसुद्धा देत नाही. मला अगदी कोणाच्या तरी मुंजीला आल्यासारखं वाटलं.

नीलराव पूर्ण वेळ हाताची घडी घालून बाकावर बसून होते. मंजुषा वैतागली. ‘काकू, यार, हे ओरडत का नाहीत? आमच्या ऋषीचा कोच तर इतका शाउट करतो की पोरगा घरी येऊन झोपेत दचकतो!’ मी म्हटलं, त्यांच्यात ओरडत नाहीत. जसं काही माझं माहेर स्वीडनचं. पण मध्यंतरात मी मुद्दाम जवळून चक्कर मारली. तुमच्या तालमीत मध्यंतरात कोच पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे मुलींना एकेक करून विचारत होते, ‘तुला काय दिसलं?’ मुली सांगत होत्या आणि हे मान हलवत होते. एक-शून्य हरले.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल मीच सांगते. थोडं रुचानं सांगितलं, थोडं कांदा चिरता चिरता त्यांच्याकडून निघालं. कांदा बारीक चिरतात हो, माझ्यापेक्षा बारीक. गाव स्वीडनच्या उत्तरेला, कागदाच्या गिरणीचं. वडील गिरणीत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. अर्धं वर्ष मैदान बर्फाखाली, म्हणून मुलं शाळेच्या लाकडी हॉलमध्ये खेळायची. जागा इवलीशी आणि पोरं ढीगभर, त्यामुळे चेंडू पायाशी ठेवायची सोयच नाही, आला की दिला. तीच सवय लागली. सतराव्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबनं उचललं. पुढे तिथेच कप्तान झाले, देशाकडूनही खेळले. गोल इतके थोडे की त्यांच्या आईला सगळे तोंडपाठ आहेत. पेपरवाले लिहायचे, हा असला की संघ चांगला खेळतो, पण हा नेमकं काय करतो ते सांगता येत नाही.

मग टाचेची नस तुटली. दोनदा शिवली. शेवटची दोन वर्षं खेळायला अमेरिकेत आले, बरेचसे दिवस फिजिओकडेच गेले, आणि तिथल्या वेटिंग रूममध्ये बॅडमिंटन खेळताना पाय मुरगळलेली आपली बया बसलेली. खेळणं संपलं तेव्हा या कॉलेजानं संघ हातात दिला. मुलींना शिकवायचं म्हटल्यावर त्यांचे जुने सोबती हसले म्हणे. हे म्हणाले, मुली ऐकतात तरी.

लग्न झाल्यापासून मी तुमचं एकच वाक्य ऐकत आलेय. गोल मारणाऱ्याच्या गळ्यात हार, आणि चेंडू देणाऱ्याला कोण विचारतो? हे ज्याला सांगितलं तर खरोखर कळेल असा एकच माणूस तुमच्या ओळखीत आहे, आणि त्याच्याशी तुम्ही बोलत नाही.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. हरल्याचं होतंच, आणखीही एक होतं. ते पुन्हा कधीतरी.

शुभा

२८ सप्टेंबर

संजयराव,

एवढ्या दिवसांनी तोंड उघडलंत आणि काय लिहिलंत? ‘सहा नंबरची पोरगी लई मागं खेळतीया. तिला वर सरकवा म्हणावं.’ बस्स. रुचा कशी आहे ते नाही, मी कशी आहे ते नाही.

आणि सहा नंबरची कोण हे तुम्हाला काय ठाऊक? मी तर एकाही मुलीचा नंबर लिहिला नव्हता. आपल्या कुशला फोन लावला. पुतण्या तुमचाच, पण खोटं बोलणं जमत नाही त्याला. हसत सुटला. म्हणाला, ‘काकू, कॉलेजच्या साइटवर मॅच लाइव्ह दाखवतात. काका रात्री-अपरात्री उठून माझ्या लॅपटॉपवर बघतात. गेलं वर्षभर बघतायत. मला शपथ घातलीया.’

मी आधी हसले, मग रडले, मग मंजुषाला चहा करायला लावला. वर्षभर! आपल्या खोलीत मी घोरत पडलेली असताना तुम्ही पुतण्याच्या खोलीत जाऊन जावयाचे सामने बघत होता, आणि सकाळी मला म्हणायचात, झोप लागली नाही, पित्त झालं. मी तुम्हाला आवळ्याचं सरबत करून देत होते. ते सगळं सरबत परत द्या.

तुमचा निरोप जेवताना वाचून दाखवला. नीलरावांनी चमचा खाली ठेवला. ‘त्यांनी मॅच बघितली?’ मी म्हटलं, एक नाही, सगळ्या. त्यांचे कान लाल झाले. गोऱ्या माणसाचं हे एक बरं असतं, काही लपत नाही. मग वरणभाताच्या ताटात लिंबाची फोड ठेवली, मिठाची वाटी ठेवली आणि मला समजावायला लागले. सहा नंबर वर गेली तर मागची जागा उघडी पडते, तिथे असलेली मुलगी पहिल्या वर्षाची आहे, घाबरते.

ते मी तुम्हाला कळवलं. तुम्ही लिहिलंत, घाबरंल तर शिकंल. मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, घाबरलेल्या खेळाडूला चेंडू नको असतो. तुम्ही लिहिलंत, कोण घाबरलंय ते नीट बघा म्हणावं. गेला आठवडा हेच चाललंय. मी इथे बाळंतपणाला आलेय की तुमच्या दोघांचं टपालखातं चालवायला? दोघांकडे दोघांचे नंबर आहेत. सरळ फोन करायला काय धाड भरलीय?

मागच्या वेळी लपवलं ते आता सांगते. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखानं नीलरावांना बजावलंय, संघ पहिल्या चारात आला नाही तर करार संपला. सध्या सातवे आहेत. रुचा म्हणते, ‘आई, माझा जॉब आहे, आपण काही रस्त्यावर येणार नाही. पण तो स्वतःला ब्लेम करतोय गं. रात्र रात्र व्हिडिओ बघतो. त्याला काही विचारू नकोस, प्लीज.’ मी काही विचारत नाही. पोळी वाढते.

हे तुम्हाला दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. दया दाखवलीत तर त्यांच्याआधी मलाच राग येईल.

रुचा ठीक आहे. डॉक्टर आता दर आठवड्याला बोलावतात. इथे तशी पद्धत आहे.

शुभा

१२ ऑक्टोबर

अहो,

आधीच सांगते, सगळं ठीक आहे. रुचा घरी आहे, बाळ पोटात लाथा मारतंय. आता शांतपणे बसून वाचा.

दर आठवड्याला बोलावायची पद्धतबिद्धत काही नाही. रुचाचं ब्लड प्रेशर वाढत होतं, ते मी तुमच्यापासून लपवलं. तिनंच बजावलं होतं, ‘बाबांना लिहू नकोस हं, ते एकटे आहेत तिकडे, पॅनिक होतील.’ परवा डोकं दुखायला लागलं आणि डोळ्यांपुढे चांदण्या. मंजुषानं गाडी काढली आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. दाखल करून घेतलं.

त्याच दुपारी नीलरावांचा सामना होता, दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी. हरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मुली मैदानावर उतरल्यावर रुचाचा फोन गेला. त्यांनी शिट्टी आणि कागद मोनाच्या हातात दिले आणि गाडीकडे पळाले. मोना म्हणजे त्यांची असिस्टंट, इथेच जन्मलेली गुजराती मुलगी, फार चुणचुणीत. ज्या टाचेनं चालताना लंगडतात त्या टाचेनं माणूस पार्किंगमधून पळत वर आला. घाम पुसायचंही भान नव्हतं.

दोन दिवस ते त्या खोलीतून हलले नाहीत. रुचाच्या दंडावरचा पट्टा दर थोड्या वेळानं आपोआप फुगायचा, आणि तो फुगला की हे श्वास रोखून आकड्याकडे बघत बसायचे. फोन बंद करून ठेवलेला. मॅचचं काय झालं ते एकदाही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस आपल्या पोरीचा आहे. तुम्ही काहीही म्हणा.

दुसऱ्या दिवशी प्रेशर उतरलं. डॉक्टरीणबाई हसून बोलली तेव्हा मी तिथल्या तिथे खुर्चीत डोळे मिटून बसले. मग त्यांनी फोन चालू केला. मोनाचे निरोपावर निरोप. तीन-शून्य जिंकले होते. नीलराव निघून गेल्यावर मोनानं काय केलं असेल? सहा नंबरला वर सरकवलं! सरावाच्या वेळी नीलरावांनीच तिला तुमचं म्हणणं सांगितलं होतं, माझे सासरे असं म्हणतात पण मला पटत नाही म्हणून. तिला पटलं. मागची पहिल्या वर्षाची मुलगी जराही घाबरली नाही म्हणे.

ते ऐकून नीलराव हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग मला म्हणाले, ‘त्यांना लिहा. त्यांचं बरोबर होतं. मुलगी घाबरली नव्हती, मी घाबरलो होतो.’ मी म्हटलं, थोडं गोड करून लिहिते. ते म्हणाले, नाही, असंच लिहा.

म्हणून असंच लिहिलंय. जा, कट्ट्यावर मिरवा.

तुमची,
शुभा

१ नोव्हेंबर

अहो,

तीन आठवडे झाले. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. तुमचं बरोबर होतं म्हटल्यावर तुम्ही टम्म फुगाल, पुढची दहा पत्रं सल्ल्यांनी भराल असं मला वाटलं होतं, तर तुम्ही पार मिटूनच गेलात. कुश म्हणतो, काका मॅच बघतात पण एक अक्षर बोलत नाहीत, गेले कित्येक दिवस कट्ट्यावरही गेले नाहीत. माझ्या लिहिण्यात काय वावगं आलं ते मला कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन या. माझ्यासाठी जाऊन या.

मोसम संपला. मुलींनी नंतरचे सगळे जिंकले आणि शेवटचा बरोबरीत सुटला. त्या एका बरोबरीनं पाचवे आले. चौथ्या आणि पाचव्यात काय फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको. सोमवारी विभागप्रमुखानं बोलावलं, चांगले शब्द वापरले, हात मिळवला, आणि करार संपला.

घरात सुतक पडणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. साधी खिचडीच टाकली. नीलराव आले, बूट काढून दाराशी नीट लावले, रुचाला सांगितलं आणि सोफ्यावर आडवे झाले. झोपले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. मी दोनदा जवळ जाऊन श्वास चालू आहे ना ते बघितलं. रुचा दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. ‘आई, तो झोपला. फायनली झोपला.’

उठून त्यांनी पीठ भिजवलं आणि वेलदोडे घातलेले गोल पाव भाजले. त्यांच्याकडेही वेलदोडा खातात हो, आपल्यापेक्षा जास्त खातात. खाता खाता म्हणाले, आता काढतील, मग काढतील असं वर्षभर चाललं होतं. काढलं एकदाचं. आता कोणी काढू शकत नाही. आणि शीळ वाजवत भांडी घासली. दुपारी संघातल्या मुली आल्या, बाळाला इवले इवले मोजे घेऊन. सहा नंबरची हुंदके देऊन रडली आणि मग चार पाव खाल्ले. जाताना मोनानं सांगितलं, जवळच्या क्लबमध्ये दहाबारा वर्षांच्या पोरींना कोच हवाय. हे म्हणाले, आधी बाळ.

खरं सांगू? मलाही हलकं वाटलं. मोठ्या पदावर असलेला आणि झोप उडालेला जावई मला नको. असा शीळ वाजवणारा बरा.

गुरुवारी रुचाला दाखल करणार. प्रेशरमुळे जास्त थांबायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलंय. देवापाशी दिवा लावा.

त्यांच्याशी बोला असं मी आता म्हणणार नाही. आग्रहानं पान वाढता येतं, बोलणं नाही. मी बाळाला तुमच्याबद्दल चांगलंच सांगेन. पण त्याचा बाप शेजारी बसलेला असताना सांगेन, आणि तेव्हा मला त्याच्याकडे बघवणार नाही.

शुभा

८ नोव्हेंबर

आजोबा,

मुलगी! काल सकाळी झाली. काल फोटो पाठवला त्यात डोळे मिटलेले आहेत, आज उघडलेत. रुचा थकलीय पण छान आहे, प्रेशर उतरलंय. माझ्या छातीवरचा धोंडा एकदाचा बाजूला झाला. सकाळपासून मी नर्सपासून झाडूवाल्या बाईपर्यंत दिसेल त्याला बेसनाचा लाडू देत सुटलेय.

आज दुपारी तुम्ही जे बोललात ते मी सगळं ऐकलं. चोरून ऐकलं नाही. बाळ नीलरावांच्या हातावर होतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला, आणि मी तिथेच दुपट्याच्या घड्या घालत होते. तुम्हाला या बाजूचं ऐकू आलं, दिसलं काही नाही. म्हणून दिसलं ते लिहिते.

फोन वाजला. त्यावर तुमचं नाव बघून नीलरावांनी तो माझ्यापुढे धरला. त्यांना वाटलं, माझ्यासाठीच असणार, चुकून त्यांना लागला. मी म्हटलं, तुमचाच आहे, उचला. तुम्ही अभिनंदन म्हणालात. मग फोन कट झाला का म्हणून त्यांनी दोनदा बघितलं. मग तुमच्या त्या बँकेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द मोजून, तुम्ही म्हणालात, ‘त्या दिवशी मी गोलच्या मागंच उभा होतो. चेंडू तुमच्या हाताला लागला, ते मी बघितलं. माझ्या तालमीचा गोल होता, म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही बोललात. त्यानंतर मला तुमच्याकडं बघायची लाज वाटत होती.’

माझ्या हातातलं दुपटं खाली पडलं.

तीन वर्षं मी तुम्हाला चषकावरून टोमणे मारले. आख्ख्या कट्ट्याला वाटलं, म्हातारा चषकासाठी रुसलाय, आणि तुम्ही तसंच वाटू दिलंत. पुढे म्हणालात, ‘गेल्या महिन्यात तुम्ही मलाच बरोबर म्हणालात. माझ्याबद्दल तुम्ही खरं सांगितलंत. तुमचं बरोबर होतं, हे मला सांगता आलं नव्हतं.’ तेव्हा तुमचा आवाज फाटला. मला वाटलं तसंच उठावं आणि कोल्हापूरला यावं.

आणि आता तुम्हाला न दिसलेलं. मी नीलरावांकडे बघितलं. त्यांना काहीच धक्का बसलेला नव्हता. त्यांनी बाळाची टोपी कानावर ओढली आणि म्हणाले, ‘मला माहीत होतं.’

तुम्ही विचारलंत, काय माहीत होतं? ते म्हणाले, ‘हात लागला तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्याकडेच बघितलं. तुम्ही सगळ्यांत जवळ होता. तुम्ही मान खाली घातलीत, तेव्हा मला कळलं की तुम्हालाही दिसलंय. मग मी रेफ्रीकडे गेलो.’

तुम्ही म्हणालात, मग तीन वर्षं कोणाला सांगितलं का नाही? रुचालासुद्धा नाही? तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतात. त्यांना प्रश्नच कळला नाही. जरा विचार करून म्हणाले, ‘हात माझा होता. मी माझ्या हाताचं सांगितलं. तुमचं सांगणारा मी कोण?’

ते फोन तसाच धरून बसून राहिले. मला तुमचा राग यायला हवा होता, तो थोडा आलाही, इथे आलात की सावकाश काढेन. पण त्या क्षणी मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी भिंतीला टेकून हसत होते आणि रडत होते. बऱ्याच वेळानं तुम्ही नाक ओढलंत आणि विचारलंत, पोरगी कुणावर गेलीय? ते म्हणाले, अजून कोणावरच नाही, तुम्ही येऊन बघा. मग तुम्ही सहा नंबरचं विचारलंत, आणि मला कळलं की आता माझं तिथे काही काम उरलं नाही.

मी पडद्यापलीकडे रुचाकडे गेले. तिला आवाजानं जाग आली होती. ‘आई, तो कोणाशी बोलतोय?’

‘बाबांशी.’

ती उठून बसायला लागली, मी तिला दाबून पुन्हा झोपवलं. ‘काय झालं? काय म्हणतायत बाबा?’

मी म्हटलं, ‘काही नाही गं. बोलतायत.’

शुभा